पावतीवरचं कबूतर

छापखान्यात सगळे त्याला ‘छायाकार’ म्हणत, त्यामुळे नवीन माणसाला वाटे की हा फोटो काढतो. फोटोशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. बिलबुकं, पावत्या, अर्ज, माल पोचल्याच्या चिठ्ठ्या असल्या छापील कागदांवर ज्या करड्या पट्ट्या आणि करड्या चौकटी असतात ना, त्या घालायचं काम त्याचं. नाव मशीनमनने ठेवलं होतं, निव्वळ टिंगल म्हणून. यानं ते पहिल्या दिवसापासून पदवी मिळाल्यासारखं मिरवलं. एवढ्यावरून माणूस कसा होता ते कळावं.

त्याला खरं तर चित्रकार व्हायचं होतं. चित्रकलेच्या शाळेत प्रवेश मिळावा म्हणून तो परीक्षेला बसला, तर विषय आला ‘धावता घोडा’. यानं जीव ओतून घोडा काढला. परीक्षक बराच वेळ कागद उलटसुलट करत राहिले आणि म्हणाले, “टेबल चांगलं जमलंय, पण विषय घोडा होता.” पुढे आयुष्यभर तो ही गोष्ट स्वतःच सगळ्यांना सांगायचा, आणि सांगताना न चुकता म्हणायचा, “पण पाय चारच होते. मोजून बघा म्हणावं.”

तर घोडा तिथेच बसला आणि हा छापखान्यात लागला. त्या वेळी संगणक नव्हते. पांढऱ्या जाड कागदावर काळ्या शाईनं रेघा मारून पावतीचा साचा तयार करायचा आणि जिथे करडा रंग हवा तिथे बारीक काळ्या ठिपक्यांची चिकट फिल्म लावायची. ठिपके विरळ असले की फिकट छटा, दाट असले की गडद. फिल्म ब्लेडनं नेमकी चौकटीच्या मापाची कापायची, वाकडी गेली की उचलायची, खाली हवा राहिली की फोड फोडल्यासारखी टाचणीनं काढायची. दोन तुकडे एकमेकांवर आले तर ठिपक्यांची गंमत होऊन तिथे सतरंजीसारखी नक्षी उमटते, आणि गिऱ्हाईक विचारतं, “हे काय सांडलंय?” हे सगळं तो मालकांकडून शिकला, आणि शिकल्यावर त्याला वाटू लागलं की आपण कलेच्या मुख्य दाराने नाही तरी मागच्या जिन्याने वर आलोच आहोत.

घरी आई विचारायची, “तू नक्की करतोस काय तिथे? शेजारणी विचारतात.”

“आई, अर्जावर खाली एक करडी चौकट असते बघ. ‘या जागेत काही लिहू नये’ असं छापलेलं असतं.”

“हो, असते.”

“ती मी करतो.”

आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. “म्हणजे जिथे कोणी काही लिहायचं नाही, ती जागा तू करतोस?”

“हो.”

“आणि त्याचा पगार देतात?”

यावर तो खूप काही बोलला असता. छटेमुळे कागद कसा उठून दिसतो, नजर कशी बरोबर जागी जाते वगैरे. पण आई तोवर पातेलं घेऊन आत गेली होती. शेजारणींना तिनं सांगितलं की मुलगा छापखान्यात आहे, आणि विषय बदलला.

त्याची स्वतःची मात्र खात्री होती की लोक त्याच्या चौकटी बघून थबकतात. आपण केलेली पैसे भरायची चिठ्ठी ज्या पेढीत वापरतात तिथे तो स्वतःच्या सुट्टीच्या दिवशीही जाऊन उभा राहायचा. चिठ्ठी भरणाऱ्या माणसाच्या खांद्यावरून वाकून बघायचा, की याच्या चेहऱ्यावर काही उमटतंय का. काहीच उमटत नसे. एकदा पहारेकऱ्याने त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि विचारलं, “इतरांच्या कागदात काय बघताय?” हा म्हणाला, “छटा.” पहारेकऱ्याने त्याला पुन्हा आत सोडलं नाही.

अशा या कलावंताच्या हाती एके दिवशी पार्सल कंपनीच्या पावतीचं काम आलं.

कंपनी बरी मोठी होती. गावोगावी पेट्या, गाठोडी, खोकी पोचवायची. आजवर त्यांची पावती साधी होती. चार रेघा आणि नाव. कंपनीचे मालक छापखान्यात येऊन म्हणाले, “जरा उठावदार करा. लोकांना वाटलं पाहिजे की कंपनी म्हणजे काहीतरी आहे.”

‘उठावदार’ हा शब्द छायाकाराच्या कानी पडला आणि इतकी वर्षं बसलेला घोडा उठून उभा राहिला. त्यानं जेवणाची सुट्टीही घेतली नाही. पावतीला चारी बाजूंनी छटा दिली. पाठवणाऱ्याच्या रकान्याला फिकट छटा, घेणाऱ्याच्या रकान्याला त्याहून गडद, वजनाच्या रकान्याला त्याहून गडद. आणि पावतीच्या बरोबर मधोमध, जिथे पत्ता लिहितात त्या जागी, एक मोठं कबूतर काढलं. पंख पसरलेलं, चोचीत पार्सल धरलेलं, सगळंच्या सगळं करड्या ठिपक्यांचं. पिसं त्याने ब्लेडच्या टोकानं एकेक करून कोरली होती.

छापखान्याच्या मालकांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. “हे बदक का?”

“कबूतर आहे.”

“चोचीत वीट का आहे?”

“ते पार्सल आहे, साहेब.”

मालकांना शंका होती. पण पार्सल कंपनीचे मालक ते चित्र बघून इतके खूष झाले की त्यांनी छायाकाराचा हातच हातात घेतला. “वा! याला म्हणतात डोकं! असं काहीतरी मला हवं होतं!” त्या दिवशी छायाकाराच्या अंगावर मूठभर मांस चढलं. रस्त्यानं घरी जाताना तो दुकानांच्या काचांत स्वतःकडे बघत गेला.

पावत्या छापल्या, मामांनी, म्हणजे छापखान्यातल्या वयस्कर बाइंडरने, पुस्तकं बांधली, गाडी भरून माल गेला. आणि मग काही दिवस अगदी शांततेत गेले. हा समजला, लोक कौतुक करण्यात गुंतले असतील.

एके सकाळी दारातून एक तरुण बाई आत आली. काखेत पावतीपुस्तक, हातात बॉलपेन, आणि चाल अशी की मशीनमनने आपण होऊन मशीन बंद केलं. ती थेट खिडकीजवळच्या टेबलाशी आली, जिथे छायाकार बसला होता, आणि पुस्तक त्याच्यापुढे आपटलं.

“मी पार्सल कचेरीच्या काउंटरवर बसते. हे कुठल्या शहाण्याचं काम?”

आता खरं तर ‘माझं’ एवढंच म्हणायचं होतं. एकच शब्द, तोही सोपा. पण त्याची जीभ भलतंच बोलून गेली.

“ते... ते आमचे आर्टिस्ट आहेत. आज आलेले नाहीत.”

“अस्सं. कधी येतील?”

“त्यांचं काही सांगता येत नाही. वय झालंय ना.”

हे का बोललो, ते त्याला अखेरपर्यंत कळलं नाही. तिनं क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातातल्या ब्लेडकडे. मग खुर्ची ओढून समोर बसली.

“मग त्यांना निरोप द्या. लिहून घ्या, नाहीतर विसराल. ही पावती आम्ही कार्बन घालून तीन प्रतींत लिहितो. पहिल्या प्रतीवर पेन उठतं. दुसरीवर अंदाजानं वाचावं लागतं. तिसरीवर या कोंबडीशिवाय काही दिसत नाही.”

“कबूतर,” तो अगदी हळू म्हणाला.

“काय?”

“काही नाही. आर्टिस्ट म्हणत होते, कबूतर आहे.”

“बरं, कबूतर. आणि तिसरी प्रत आम्ही पार्सलवर चिकटवतो. हमाल तीच वाचून गाडीत माल चढवतात. काल दातांच्या डॉक्टरकडे जायची कवळी वाद्यांच्या दुकानात गेली, आणि दुकानाचं ट्रंपेट डॉक्टरांकडे. डॉक्टरांचा फोन मला घ्यावा लागला. ते विचारत होते, हे कुठल्या दाढेला बसवू?”

मशीनमन मशीनच्या मागे तोंड लपवून हसत होता. छायाकाराला वाटलं, पायाखालची फरशी उचकटून आपल्याला आत घेईल तर फार बरं. तो लिहून घेऊ लागला. घाईघाईत अक्षर तिसऱ्या प्रतीसारखंच आलं.

“फार बोलले का मी?” जाताना तिनं विचारलं. “म्हातारे आहेत म्हणता, म्हणून. नजर अधू आहे का त्यांची?”

“हो,” तो म्हणाला. थापेला एव्हाना पाय फुटले होते. “जरा अधूच आहे.”

“तरीच,” ती म्हणाली आणि गेली.

दोनच दिवसांनी ती पुन्हा आली, आणि तिनं त्याच्यापुढे एक गोल भिंग ठेवलं, लाकडी दांड्याचं. “त्यांना द्या. म्हणावं, बारीक काम करताना वापरा.” त्याला नको म्हणता आलं नाही. ती गेल्यावर त्याने ते भिंग आपल्याच कबुतरावर धरून पाहिलं. मोठं झालेलं कबूतर आणखीच बदकासारखं दिसत होतं.

त्याच आठवड्यात ती खोकल्याच्या गोळ्या घेऊन आली. मागल्या खेपेला बोलता बोलता तो म्हणून गेला होता की आर्टिस्टना खोकल्यामुळे यायला जमत नाही. मग गळ्याभोवती गुंडाळायला एक लोकरी पट्टा आला. दर वेळी ती खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, “कसे आहेत आता? भिंगाचा उपयोग होतो का? जेवण जातं का?” आणि हा तिला म्हाताऱ्याची प्रकृती सविस्तर सांगायचा. सांगता सांगता तो म्हातारा त्यालाही दिसू लागला होता. जरा हेकट, पण मनानं निर्मळ.

तिच्या येण्याची तो वाट बघू लागला. इस्तरीचा शर्ट घालू लागला. आणि मग एक दिवस त्याच्या लक्षात आलं की ती येते ती म्हाताऱ्यासाठी! याला ती एका शब्दानं विचारत नव्हती की बाबा, तुझं काय, तुला खोकला येतो का, तू जेवलास का. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्यावर हा जळायला लागला. घरी आईनं विचारलं, “चेहरा का पडलाय?” तर हा म्हणाला, “आमच्याकडे एक म्हातारा आहे, त्याचंच सगळ्यांना कौतुक.”

आई म्हणाली, “म्हाताऱ्यांचा मान राखावा.”

दरम्यान पावतीची तक्रार तशीच लोंबकळत होती. कंपनीच्या मालकांना कबूतर प्रिय असल्यामुळे ते काही बदलायला तयार नव्हते. शेवटी ती एके दिवशी म्हणाली, “तुमच्या आर्टिस्टना येववत नसेल, तर तुम्ही या. डोळ्यांनी बघा आणि त्यांना जाऊन सांगा.”

पार्सल कचेरीत तो गेला तेव्हा ऐन गर्दीची वेळ होती. लाकडी काउंटर, त्यावर झिजून पडलेले खड्डे, पलीकडे माणसांची भिंत. प्रत्येकाच्या हातात काहीतरी होतं आणि प्रत्येकजण एकदमच पत्ता सांगत होता. छायाकाराला वाटलं होतं की आपण पाहुण्यासारखे बाजूला उभे राहू, चहा येईल. तिनं उठून खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

“बसा. पेन घ्या. दोन-चार पावत्या लिहा.”

“मी?”

“मग काय मी? मी रोज लिहिते.”

पहिला आला तो एक जाडजूड गृहस्थ, बोळक्या तोंडानं बोलणारा. त्याने पत्ता सांगितला तो असा की सगळा पत्ता हा एकच शब्द असावा. छायाकार लिहीत गेला. कबुतराच्या पोटावर गाव आलं, शेपटावर रस्ता आला, घर क्रमांक विटेवर आला. वजनाचा रकाना सापडेना. तिथे त्याने इतकी दाट छटा दिली होती की शाई आत बुडाली. तिसरी प्रत काढून, पार्सलवर चिकटवण्याआधी तपासायला म्हणून गृहस्थांच्या हाती दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, लांब नेली, उजेडात धरली.

“अहो, यात माझा पत्ता कुठाय?”

“आहे. पंखाखाली बघा.”

“मी पंखाखाली बघायचं?” गृहस्थ कडाडले. “तुम्हाला इथे ठेवलं कोणी? काल ती बाई होती तिला तरी अक्षर होतं!”

रांगेतले लोक हसले. कोणीतरी मागून ओरडलं, “अहो, नवीन आहे, सांभाळून घ्या.” बाकी सगळे टोमणे त्यानं पचवले, पण ‘सांभाळून घ्या’ हे जिव्हारी लागलं. अर्ध्या तासात त्याची पार भंबेरी उडाली. बोटं निळी, कपाळ निळं, आणि एका आजीबाईंचं लोणच्याच्या बरण्यांचं जड खोकं त्याच्या पायावर पडलेलं. पेढीत तो इतकी वर्षं लोकांच्या चेहऱ्याकडे वाकून बघत होता. ते पेनानं लिहितात कुठे, हे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

ती भिंतीला टेकून उभी होती. हसत नव्हती. हसली असती तर परवडलं असतं.

“काय सांगाल मग आर्टिस्टना?” तिनं विचारलं.

“सांगेन,” तो म्हणाला, “की गाढव आहात.”

“असं नका सांगू. वयानं मोठे आहेत.”

त्यानं पावती पुन्हा केली. आधी केलं होतं त्याच्या बरोबर उलट. जिथे लिहायचं तिथे कोरा पांढरा कागद, आणि छटा फक्त आजूबाजूला, अगदी फिकट, की पेन आपोआप पांढऱ्या खिडकीत जावं. रकान्यांची नावं करड्या पट्टीत. वजनाची जागा मोकळी आणि ऐसपैस. कबूतर आक्रसून वरच्या कोपऱ्यात गेलं, तिथे नखाएवढं होऊन बसलं. कंपनीच्या मालकांनी तोंड वाकडं केलं, पण कवळीचं प्रकरण त्यांच्याही कानावर गेलं होतं.

नवीन पावत्या गेल्या. ती आली ती हसतच. तिसरी प्रत त्याच्यासमोर धरली. पत्ता लख्ख वाचता येत होता. त्याला वाटलं, आता आपल्याकडे बघून काहीतरी बोलेल.

“म्हातारबाबांना सांगा, फार छान झालंय.”

त्या संध्याकाळी त्यानं ठरवलं की म्हाताऱ्याचा निकाल लावायचा. मारून टाकावं, असंही मनात आलं. पण मग ती रडेल, फुलं घेऊन येईल, आणि फुलं ठेवायची कुठे? शेवटी त्यानं त्याला निवृत्त केलं. पुढल्या भेटीत चेहरा गंभीर करून म्हणाला, “आमचे आर्टिस्ट काम सोडताहेत. आता गावी जाऊन राहणार. पुढे सगळं मीच बघणार आहे.” शेवटचं वाक्य त्याने जरा छाती काढून म्हटलं.

“अरेरे,” ती म्हणाली. “मग मी त्यांना भेटायला उद्याच येते. निरोप घ्यायला नको?”

त्याची पाचावर धारण बसली. ती गेल्याबरोबर तो बाइंडरमामांकडे धावला. मामांचे केस पांढरे होते, खोकला अस्सल होता, आणि ते मुळात कमी बोलायचे. असा म्हातारा दिवा घेऊन शोधला असता तरी मिळाला नसता.

“मामा, उद्या थोडा वेळ तुम्ही आर्टिस्ट व्हायचं.”

मामा खळीच्या डब्यात ब्रश बुडवत होते. त्यांनी सगळी हकीकत न हसता ऐकून घेतली. “काम काय करायचं?”

“काही नाही. टेबलाशी बसायचं. ती जे म्हणेल त्याला ‘बरं’ म्हणायचं.”

“बायकोला मी तेच म्हणतो,” मामा म्हणाले. “जमेल.”

दुसऱ्या दिवशी मामा खिडकीजवळच्या टेबलाशी बसले. गळ्यात लोकरी पट्टा, हातात भिंग. मशीनमनने मशीन बंद केलं, मालकही आपल्या खोलीच्या दाराशी येऊन उभे राहिले. ती आली, मामांना वाकून नमस्कार केला आणि समोर बसली.

“आता नजर कशी आहे?”

“बरं.”

“आणि खोकला?”

“बरं,” मामा म्हणाले आणि कामात कसूर नको म्हणून दणकून खोकले.

“तुमचं ते कबूतर मला फार आवडलं होतं,” ती म्हणाली. “जाता जाता मला एक काढून द्या ना. आठवण म्हणून ठेवीन.”

तिनं कोरा कागद आणि पेन्सिल पुढे केली. छायाकार मागून खाणाखुणा करू लागला. नको, नको, हात दुखतो म्हणा. मामांनी त्याच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, आणि ‘बरं’ म्हणून पेन्सिल उचलली. एक वाकडी रेघ ओढली, तिला दुसरी टेकवली, वर एक ठिपका दिला. झालं. कागदावर कबूतर होतं. बसलेलं, मान जराशी वळवलेलं, आत्ता उडेल की मग उडेल असं. कोणीही, कुठल्याही अंतरावरून, त्याला बदक म्हणालं नसतं.

मग मशीनमन म्हणाला, “आयला.”

“मामा!” छायाकाराच्या तोंडून निघून गेलं. “तुम्हाला चित्र येतं?”

“नातवंडांना काढून देतो,” मामा म्हणाले. “तू कधी विचारलंस?”

आणि तेव्हा ती हसली. हसता हसता टेबलावर डोकं टेकलं. डोळे पुसत मालकांकडे वळून म्हणाली, “साहेब, आता सांगू का यांना?”

मालक म्हणाले, “सांगून टाका. मलाही हसू आवरत नाही आता.”

प्रकार असा होता, की पहिल्या दिवशी छापखान्यात येण्याआधी तिनं फोन केला होता. आणि मालकांनी तिला सांगितलं होतं, की कबूतर काढणारा आमचा मुलगा खिडकीजवळच्या टेबलाशी बसतो, तुम्ही स्वतः या आणि त्याला चांगलं फैलावर घ्या, माझं तो ऐकत नाही. ती फैलावर घ्यायलाच आली होती. पण समोरचा माणूस हातात ब्लेड घेऊन सांगू लागला की आर्टिस्ट म्हातारे आहेत आणि आज आले नाहीत, तेव्हा तिला वाटलं, बघू तरी हा कुठपर्यंत जातो.

“मग भिंग? गोळ्या?” त्यानं विचारलं. आवाज कुठून येतोय तेच त्याला कळत नव्हतं.

“भिंग आमच्या कचेरीचं आहे, ते परत द्या. गोळ्या तुम्ही खाल्ल्या असाल तर राहू द्या.”

गोळ्या त्यानेच खाल्ल्या होत्या. चवीला बऱ्या होत्या.

त्याच्या कानांच्या पाळ्या इतक्या लाल झाल्या होत्या की मशीनमन म्हणाला, यावर एक जादा रंग छापता येईल. पळून जायची वाट तिच्या खुर्चीपलीकडून होती. मग तो तिथेच उभा राहिला, आणि आजवर न जमलेला सोपा शब्द एकदाचा बोलला.

“माझं. ते कबूतर माझं होतं.”

“ठाऊक आहे. आणि नवीन पावती?”

“तीही माझीच.”

“ती खरंच छान झालीय,” ती म्हणाली. “हे म्हाताऱ्याला नाही, तुम्हाला सांगतेय. आणि लोकरी पट्टा मी विणलाय, तो मामांकडून काढून घ्या. त्यांना खळ लागलीय त्याला.”

पुढच्या खेपेच्या पावत्यांवर कोपऱ्यात मामांचं कबूतर छापलं. कंपनीचे मालक एकटेच हळहळले, ते म्हणत, “पहिल्यात काहीतरी होतं.” छायाकाराने त्यांचं हे वाक्य पुढे कित्येक वर्षं जपलं, आणि बायकोनं तितकीच वर्षं त्याला सांगितलं की त्यांना चष्मा लागला होता.

बायको म्हणजे अर्थातच तीच. तिला विचारायला त्याला इतके दिवस लागले की आईनंच एक दिवस पार्सल कचेरी गाठली, रांगेत उभी राहिली, आणि नंबर आल्यावर म्हणाली, “पाठवायचं काही नाही. मुलगा द्यायचा होता.”

लग्नाची नोंद करायला सगळे नोंदणी कचेरीत गेले. तिथला छापील अर्ज बघताच छायाकार हरखला. बाजूच्या पट्टीची छटा किती एकसारखी पडलीय, कोपरा कसा सुबक वळवलाय, हे मामांना दाखवता दाखवता त्यानं ऐटीत सही ठोकली. ती सही पडली साक्षीदाराच्या जागी. मागून मामा आले, त्यांनी बघितलं, आता रिकामी जागा एकच उरलीय, आणि पेन टेकवणार तोच तिनं त्यांचं मनगट धरलं.

“मामा, थांबा. ती जागा नवऱ्याची आहे.”

“बरं,” मामा म्हणाले.

कारकून वैतागून म्हणाला, खाडाखोड चालणार नाही, नवीन अर्ज घ्या. तिनं नवीन अर्ज घेतला, स्वतः सगळा भरला, आणि सही करायची तिथे बोट ठेवून धरलं. बोट तिनं सही पुरी होईपर्यंत उचललं नाही.

पुढे संगणक आले. फिल्म गेली, ब्लेड गेलं, टाचणीनं हवा काढणं गेलं. एक बटण दाबलं की वाटेल तिथे वाटेल तेवढी छटा. पहिल्या वर्षी त्याला याचा इतका आनंद झाला की एका धुलाईवाल्याचं बिल त्यानं इंद्रधनुष्यासारखं करून टाकलं आणि धुलाईवाल्यानं ते ‘डाग पडलेत’ म्हणून परत पाठवलं. छटा घालायचं सोपं झालं, कुठे थांबायचं ते मात्र बटणात नव्हतं. मग मालकांनी नियमच केला की छायाकाराचा कुठलाही कागद छपाईला जाण्याआधी त्याच्या घरी जाईल.

अजूनही तसंच चालतं. मालकांच्या जागी आता त्यांची मुलगी बसते, पण नियम तोच आहे. तो नमुन्याचा कागद घेऊन घरी येतो, बायको जेवणाचं टेबल पुसते, खाली कार्बन घालते आणि बॉलपेन घेऊन बसते. काउंटरवर लिहायची तशीच, भराभर आणि दाबून. तो पाठीमागे उभा राहतो. पेढीतल्यासारखा खांद्यावरून वाकत नाही, कारण कोपर लागतं.

परवा अशीच एक माल पोचल्याची चिठ्ठी आणली होती. नीट केली होती, छटा जेमतेम, पांढऱ्या जागा मोठ्या. तिनं रकाने भरले, तिसरी प्रत फाडून त्याच्या हातात दिली आणि कुकर बघायला आत गेली. त्यानं ती दिव्याखाली धरली.

मालाचा तपशील: नवरा. नग: एक. स्थिती: वापरलेला, पण चालू. परत पाठवायचा आहे काय: सध्या नाही.

“वाचता येतंय का?” तिनं आतून विचारलं.

“सगळं येतंय,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी कागद छपाईला दिला.